बिनराजाचें राज्य

संगणकाचा सारा कारभार जी प्रधान आज्ञावली पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कांहीं आज्ञावली कंपनीच्या मालकीच्या असतात. कांहीं मात्र कोणींहि वाचाव्या, सुधाराव्या व इतरांस द्याव्या अशा मोकळ्या असतात. लिनक्स ही त्यांतलीच. वाचकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभाहि तोच. बारभाईंच्या शेतींत हातीं काय लागतें, हें आपण जाणतों. मग देशोदेशींच्या हजारों माणसांची ही शेती पिकते कशी, हा प्रश्न सुज्ञांस पडावा.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं फिनलंडांत लिनस टोर्व्हाल्डस या विद्यार्थ्यानें केला. आज तिच्या प्रत्येक शाखेस एक पालक आहे. दुरुस्ती करणारानें आपल्या नांवासह ती पालकाकडे पाठवावी, तिची चारचौघांत चिकित्सा व्हावी, आणि टिकली तरच ती वर जावी, असा शिरस्ता आहे. शेवटचा शब्द टोर्व्हाल्डस यांचा. सुमारें ९-१० आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघते.

इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं स्थापिलेल्या डेबियन मंडळीची रीत निराळी. तिनें १९९८ सालीं लेखी घटना स्वीकारली. प्रमुखाची निवडणूक दरवर्षीं होते. सभासद उमेदवारांस पसंतीचा क्रम देतात, आणि ‘यांपैकीं कोणीहि नको’ असेंहि मत देतां येतें. तंत्रविषयक वाद फार तर ८ जणांची समिति तोडते. पण एखाद्या सभासदाचा निर्णय फिरविण्यास तिला तिप्पट मतें लागतात. २०१४ सालीं यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीवरून समितींत समसमान मतें पडलीं व अध्यक्षांच्या निर्णायक मतानें निकाल लागला. असंतुष्टांनीं देवुआन नांवाची निराळी चूल मांडली.

तिसरा प्रकार फेडोराचा. तिला रेड हॅट कंपनीचा आश्रय असून प्रमुख कंपनीच नेमते. परंतु कारभारी मंडळांत निवडून आलेले प्रतिनिधीहि असतात, व शक्य तों एकमतानें निर्णय होतात. या मंडळीचा मेळावा २०११ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भरला होता.

या तिन्ही रीतींच्या मुळाशीं एकच तत्त्व आम्हांस दिसतें. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले कीं वाड्याचे दोन तुकडे होतात. येथें वेगळे होणारा सबंध वाडा घेऊन जातो, आणि मागें राहणाराचाहि वाडा सबंधच राहतो. म्हणून प्रमुखास माणसें धरून ठेवण्यास समजुतीवांचून दुसरें साधन नाहीं. अर्थात् चुली फार झाल्या कीं श्रम वांटले जातात, आणि पुष्कळदां सारा भार थोड्यांच्याच खांद्यावर पडतो, हेंहि खरें.

तरीहि आपल्या नागपुरांतील वाचनालयें, मंडळें व विश्वस्त संस्था यांनीं या राज्यव्यवस्थेकडे अवश्य पाहावें. एकच गृहस्थ वर्षानुवर्षें अध्यक्ष, चर्चा बंद दाराआड आणि नव्या सभासदाची सूचना म्हणजे उद्धटपणा, असा प्रकार जेथें चालतो, तेथें तरुण मंडळी भांडत नाहींत. तीं मुकाट्यानें निघून जातात. संस्था मात्र कुलपासकट उरते. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, त्यांवर पतंजलीनें भाष्य केलें, आणि परंपरेनें उत्तरोत्तर मुनीचेंच प्रामाण्य अधिक मानलें. सुधारणेस अपमान न समजण्याची ही वृत्ति आपलीच आहे. ती परक्यांकडून उसनी आणावयाची नाहीं.

या आज्ञावलींच्या मराठी भाषांतरास जाणत्या हातांची नेहमींच गरज असते. महालांतील वा धंतोलींतील एखाद्या विद्यार्थ्यानें त्यांतील एक अशुद्ध शब्द जरी सुधारून पाठविला, तरी त्याची पारख वयावरून वा कुळावरून न होतां शब्दावरूनच होईल. घरांतील वडील मंडळींनीं त्यास तेवढें उत्तेजन द्यावें.