छोट्या सरकारचं मोठं बिल

आयटीतल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अमेरिकेतले रिपब्लिकन बाकी कसेही असोत, निदान सरकार छोटं ठेवतात." न्यू जर्सीतला मित्र असो की हिंजवडीतला, पे-स्लिपवरची कपात पाहिली की प्रत्येकाच्या अंगात थोडा थोडा रेगन संचारतो. माझ्याही. सरकारनं कमीत कमी गोष्टींत नाक खुपसावं हे तत्त्व मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच या लोकांचा जास्त राग येतो. तत्त्वाला उघड विरोध करणारा परवडला. तत्त्वाची पाटी लावून आत भलतंच दुकान चालवणारा नको.

तर जरा हिशेब मांडू.

रोनाल्ड रेगन यांनी २० जानेवारी १९८१ च्या पहिल्याच भाषणात सांगून टाकलं की सरकार हा उपाय नाही, सरकार हीच समस्या आहे. टाळ्या! शिक्षण आणि ऊर्जा ही दोन खाती ते बंद करणार होते. आठ वर्षांनी घरी गेले तेव्हा दोन्ही खाती शाबूत होती, आणि १९८८ मध्ये माजी सैनिकांसाठी एक पूर्ण कॅबिनेट खातं तयार करायच्या कायद्यावर त्यांनीच सही केली होती. आले तेव्हा सरकारवरचं कर्ज १ ट्रिलियन डॉलरच्या आत होतं (१ ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, बरं का). गेले तेव्हा जवळजवळ तिप्पट.

धाकट्या बुश यांना २००१ मध्ये शिलकीतलं बजेट आयतं मिळालं. त्यांनी करकपात केली, २००२ मध्ये २२ संस्था एकत्र करून होमलँड सिक्युरिटी नावाचं अवाढव्य खातं काढलं आणि २००३ मध्ये म्हाताऱ्यांच्या औषधांसाठी मेडिकेअरमध्ये नवी योजना घातली. तिच्यासाठी मतं कमी पडत होती, म्हणून हाउसमधलं मतदान भल्या पहाटे जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं. खर्च वाढवायला एवढा उत्साह!

मधल्या काळातला एक किस्सा तर सांगायलाच हवा. नोव्हेंबर २०११ च्या वादसभेत टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी म्हणाले, मी तीन खाती बंद करणार. दोन नावं घेतली, तिसरं काही केल्या आठवेना. ते होतं ऊर्जा खातं. २०१७ मध्ये पेरीसाहेब कुठल्या खात्याचे मंत्री झाले, ओळखा पाहू :-)

आणि ट्रम्प. २०१७ ची करकपात झाली आणि २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी, तूट ९८४ अब्ज डॉलरवर पोचली. २०२५ मध्ये इलॉन मस्कना हाताशी धरून 'डोज' काढलं. २ ट्रिलियन वाचवायच्या बाता होत्या. सरकारी नोकर लाखांनी कमी झाले हे खरं, पण एकूण खर्च २०२४ च्या पावणेसात ट्रिलियनवरून २०२५ मध्ये ७ ट्रिलियनवर गेला! आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोफायलर न चालवताच ऑप्टिमायझेशन केलं. नोकरांचे पगार म्हणजे खर्चाच्या शंभरातले पाचेक डॉलर. खरा पैसा जातो पेन्शन, मेडिकेअर, संरक्षण आणि व्याजात. त्या लूपला हात लावायची हिंमत कोणात नाही. उलट त्याच जुलैत सही झालेल्या कायद्यानं दहा वर्षांत तूट ३.४ ट्रिलियननं वाढेल, असा खुद्द संसदेच्या बजेट ऑफिसचा अंदाज आहे.

खर्चाचं सोडा, नाक खुपसण्याचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं इंटेलमध्ये सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. आपल्याकडे १९६९ मध्ये बँका ताब्यात घेतल्या त्याला आपण समाजवाद म्हणतो. याला काय म्हणायचं? पुढच्याच महिन्यात एच-१बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली, तीही नुसत्या फर्मानानं. खाजगी कंपनीनं कोणाला नोकरीवर घ्यावं यात एवढी ढवळाढवळ करणारं सरकार छोटं?

यावर भक्तांचं उत्तर ठरलेलं असतं: "आधी कर कमी करा, उपाशी पडलं की सरकार आपोआप रोडावेल." ऐकायला छान. पण रेगन यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळात बसलेले विल्यम निस्कानन यांनी आकडे तपासले तेव्हा उलटंच दिसलं. कर कमी असताना खर्च वाढतो. आणि ते स्वाभाविकच आहे. मॉलमध्ये 'आज घ्या, पैसे नंतर द्या' अशी पाटी लागली की माणूस कमी खरेदी करतो की जास्त? उधारीवरच्या करकपातीनं मोठं सरकार स्वस्त वाटायला लागतं, एवढंच. बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाडलेलं असतं. २०२४ मध्ये अमेरिकेनं संरक्षणापेक्षा व्याजावर जास्त पैसे घालवले.

अपवाद आहेत. रँड पॉल आणि थॉमस मॅसी यांनी २०२५ च्या त्या कायद्याविरुद्ध मत दिलं आणि स्वतःच्याच पक्षाच्या शिव्या खाल्ल्या. आणि एक गंमत बघा. पक्षाला काटकसर खरोखर आठवते ती व्हाइट हाउसमध्ये डेमोक्रॅट बसला की. क्लिंटन यांच्यासमोर गिंग्रिच, ओबामांसमोर २०११ ची काँग्रेस. दोन्ही वेळा तूट घटली. स्वतःचा माणूस बसला की डाएट उद्यापासून.

असो. राजकारणी तत्त्वानं वागत नाहीत यात नवल नाही. राग आहे तो आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांवर, जे नुसत्या घोषणेवर भाळतात. पुढच्या वेळी कोणी, कुठल्याही देशातला, छोट्या सरकारच्या गप्पा मारायला लागला तर एकच विचारा: नक्की कोणती योजना बंद करणार, आणि ती घेणारे तुमचे मतदार आहेत का? उत्तर "उधळपट्टी थांबवू" असं आलं, तर खिशातलं पाकीट आधी घट्ट धरा.