डुलुथला जहाजाच्या वेळेने जा

मिनिआपोलिस-सेंट पॉलला मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्याचे तीन-चार महिने राहून येणारे आई-बाबा आता पुण्या-नाशकात, कोल्हापुरात सहज भेटतात. त्यांच्या फोनमधल्या फोटोंत नायगारा असतो, न्यू यॉर्क असतं, शिकागो असतं. डुलुथ क्वचित दिसतं, आणि दिसलं तर एका दिवसाचं. सकाळी निघाले, सरोवर पाहिलं, पूल पाहिला, दीपगृह पाहिलं आणि रात्री घरी. मुलांच्या घरापासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर, मोटारीने अडीच तासांवर असलेल्या या शहराला तीन दिवस द्यावेत असं मला मनापासून वाटतं. ते कसे द्यावेत, हे या आठवड्यात सांगतो.

डुलुथ आधी बंदर आहे, सहलीचं ठिकाण नंतर. लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाला मिनेसोटातलं डुलुथ आणि खाडीपलीकडे विस्कॉन्सिनमधलं सुपीरियर, अशी दोन गावं मिळून हे एक बंदर होतं. ग्रेट लेक्सवरच्या बंदरांत वजनाच्या हिशेबाने सर्वांत जास्त माल इथून हलतो. अटलांटिक महासागर इथून सुमारे पावणेचार हजार किलोमीटर दूर आहे. तरीही १९५९ साली सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाल्यापासून समुद्रातली जहाजं वाटेतले सोळा लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे हौद, चढून थेट इथवर येतात. गावकरी त्यांना ‘सॉल्टी’ म्हणतात, आणि सरोवरांतच फिरणाऱ्या जहाजांना ‘लेकर’. सॉल्टी जहाजं गहू न्यायला येतात, कधी पवनचक्क्यांची अवाढव्य पाती घेऊन येतात. लेकर जहाजं मिनेसोटातल्याच मेसाबीच्या खाणींतलं लोहखनिज इंडियाना-ओहायोच्या पोलाद कारखान्यांकडे नेतात. त्यांतली सर्वांत मोठी हजार फुटांहून लांब आहेत आणि एका खेपेला साठ हजार टनांच्या वर माल उचलतात. कॅनडातल्या वेलंड कालव्याच्या लॉकमध्ये ती मावत नाहीत. त्यामुळे ही जहाजं बांधल्यापासून मोडीत निघेपर्यंत याच सरोवरांत राहतात, समुद्रापर्यंत कधी पोहोचत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा, की तीन दिवसांचा बेत या जहाजांच्या वेळांभोवती आखा. आपल्याला ‘पॉइंट’ बघत फिरायची सवय आहे. महाबळेश्वर-माथेरानला लागलेली ही सवय आपण परदेशातही सोडत नाही, आणि यादीतले सगळे पॉइंट झाले की सहल झाली असं समजतो. पण दीपगृह आणि धबधबे आहेत तिथेच राहणार आहेत. जहाज मात्र त्याच्या वेळेला येतं आणि जातं, तुमच्यासाठी थांबत नाही.

ते कसं येतं हे जरा सविस्तर सांगायला हवं. सरोवर आणि बंदराची खाडी यांच्यामध्ये वाळूची एक लांबलचक पट्टी आहे. १८७०-७१ मध्ये ती पट्टी फोडून जहाजांसाठी कालवा काढला. हा कालवा तीनशे फूट रुंद आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरोवरात शिरलेले काँक्रीटचे धक्के आहेत. या धक्क्यांवर कुणीही जाऊन उभं राहावं. तिकीट नाही, मध्ये कुंपण नाही. सुरुवातीला क्षितिजावर एक काळा ठिपका दिसतो. बराच वेळ तो हलत नाहीसा वाटतो. मग जहाज भोंगा देतं, कालव्यावरचा पूल आपल्या भोंग्याने त्याला उत्तर देतो, रस्त्याची फाटकं बंद होतात आणि पुलाचा अख्खा रस्ता आडवाच्या आडवा वर चढू लागतो. १९०५ साली हा पूल बांधला तेव्हा त्याला उचलता रस्ता नव्हता. वरच्या लोखंडी चौकटीला टांगलेला एक पाळणा माणसं आणि गाड्या पलीकडे नेत असे. १९२९-३० मध्ये त्याचा उचलता पूल केला. एकशे पस्तीस फूट उंचीवर रस्ता थांबतो आणि त्याखालून, तुमच्यापासून शंभर फुटांवरून, एखादी गगनचुंबी इमारत आडवी घालावी तसं ते जहाज सरकत आत जातं. इंजिनाची धडधड पायांखालच्या काँक्रीटमध्ये जाणवते. डेकवरचे खलाशी हात हलवतात. लहान मुलं आनंदाने ओरडतात आणि सत्तरीतली माणसंही हात वर करतात. जहाज आणखी पुढे जाऊन धान्याच्या कोठारांकडे किंवा खनिजाच्या धक्क्याकडे वळेपर्यंत फारसं कुणी तिथून हलत नाही.

वाळूच्या पट्टीवर, म्हणजे पार्क पॉइंटवर, राहणाऱ्यांना शहरात यायला हा एकच रस्ता. पूल वर गेला की ते अडकतात, आणि कामावर उशीर झाल्याचं कारण म्हणून ‘ब्रिज्ड झालो’ एवढं सांगतात. साहेबालाही ते पटतं.

जहाजांच्या अपेक्षित वेळा कालव्याच्या काठावरच्या सागरी संग्रहालयात लावलेल्या असतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं हे संग्रहालय विनामूल्य आहे. पहिल्या दिवशी पहिलं पाऊल तिथे टाका. मोबाइलवर मरीन ट्रॅफिकसारखं अ‍ॅप ठेवलंत तर कुठलं जहाज कुठे पोहोचलंय ते कळत राहील. वेळा तासा-दोन तासांनी, वाऱ्यावादळात त्याहूनही जास्त, पुढे-मागे होतात. म्हणून दिवस सैल ठेवायचा. एखादं जहाज मध्यरात्रीनंतर येईल, आणि त्याच्यासाठी उठलात तर धक्क्यावर तुमच्याखेरीज फार तर दोघं-चौघं असतील. त्या एका कारणासाठी परवडत असेल तर खोली कालव्याकाठच्या कॅनॉल पार्क भागातच घ्यावी. टेकडीवर मॉलच्या बाजूला किंवा पूल ओलांडून सुपीरियर गावात खोल्या स्वस्त पडतात, पण मग रात्रीच्या भोंग्याला धावत येणं जमत नाही.

आता कुठला लाँग वीकेंड? मेअखेरच्या मेमोरियल डेला मुलं उत्साहाने गाडी काढतात, पण तेव्हा सरोवर बर्फासारखं गार असतं आणि काठावर धुकं दाटतं. पूल दिसणं मुश्किल, मग जहाज कुठून दिसणार! जूनमध्ये मॅरेथॉनच्या शनिवार-रविवारी गावात खोली मिळणं अवघड. चार जुलैला गर्दी फार. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे चांगला, मात्र खोली काही महिने आधी राखून ठेवावी लागते. शक्य असेल तर मी सुचवेन की सरकारी सुट्टीची वाटच पाहू नका. सप्टेंबरच्या मध्यावर मुलांना शुक्रवार-सोमवारची रजा काढायला लावा. त्या दिवसांत उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले शिकारी पक्षी एवढं मोठं पाणी ओलांडायचं टाळतात, किनारा धरून खाली येतात आणि शहराच्या पूर्वेकडच्या हॉक रिज नावाच्या कड्यावरून हजारोंच्या संख्येने जातात. चांगल्या वाऱ्याच्या दिवशी आभाळात ससाण्यांचे भोवरे फिरताना दिसतात. दुर्बीण घेऊन बसलेले पक्षिमित्र अनोळखी माणसालाही आनंदाने समजावून सांगतात.

जाताना शुक्रवारी दुपारनंतर निघू नका. निम्मं मिनिआपोलिस तेव्हा ‘अप नॉर्थ’, म्हणजे उत्तरेकडे, निघालेलं असतं. सकाळी निघा, निम्म्या वाटेवर हिंकलीला चहा घ्या आणि डुलुथ येण्याआधी थॉम्पसन हिलच्या विश्रांतिस्थळावर गाडी नक्की थांबवा. इथून सगळं बंदर नकाशासारखं पायाशी दिसतं. खाडी, धक्के, वाळूची पट्टी, त्यापलीकडे न संपणारं पाणी. हे सरोवर ८२,१०० चौरस किलोमीटरचं आहे. गोव्यासारखी बावीस राज्यं त्यात बसतील. सर्वांत खोल जागी ते ४०६ मीटर आहे. हे आकडे वाचून ठेवले तरी टेकडीवरून पाहताना पुन्हा नव्याने पटतात.

इथल्या माणसांचं मला सगळ्यांत कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. इंटरस्टेट ३५ हा महामार्ग टेक्ससमधून निघून डुलुथला संपतो. त्याचा शेवटचा तुकडा किनाऱ्यालगत शहर आणि सरोवर यांच्यामध्ये भिंतीसारखा जाणार होता. गावकऱ्यांनी विरोध केला, वर्षानुवर्षं वाद घातला, आणि शेवटी रस्ता काही ठिकाणी बोगद्यांतून नेला गेला. १९९२ मध्ये तो पुरा झाला. बोगद्यावर गुलाबाची बाग आहे. बोगदे खोदताना निघालेला खडक किनाऱ्यावर टाकून त्यावर लेकवॉक हा पायरस्ता केला. आज तो अकरा किलोमीटरच्या वर लांब आहे. कॅनॉल पार्कजवळचा त्याचा भाग सपाट, बाकं असलेला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपतो. त्यावरून चालताना शेजारून महामार्ग जातोय हे कळतही नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ इथे घालवा. सरोवरावरचा हक्क लोकांनी मागून, भांडून राखला तर काय होतं ते पायी चालून बघण्यासारखं आहे.

या पाण्याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात ‘मटाफा’ नावाचं जहाज कालव्यात शिरता शिरता धक्क्यावर आदळलं आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर अडकलं. हजारो लोक रात्रभर शेकोट्या पेटवून काठावर उभे होते, पण लाटांमुळे कुणाला मदतीला जाता आलं नाही. नऊ खलाशी गेले. त्या वादळानंतर स्प्लिट रॉकचं दीपगृह बांधलं गेलं आणि १९१० मध्ये त्याचा दिवा लागला. पुढे ९ नोव्हेंबर १९७५ ला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे लेकर जहाज पलीकडच्या सुपीरियरच्या धक्क्यावरून खनिज भरून निघालं आणि दुसऱ्या संध्याकाळी बुडालं. एकोणतीस माणसांपैकी एकही वाचला नाही. दीपगृह १९६९ सालीच निवृत्त झालंय, पण दर १० नोव्हेंबरला त्या एकोणतीस जणांसाठी त्याचा दिवा लावतात. तिसऱ्या दिवशी महामार्ग ६१ ने पाऊण-एक तासावरचं हे दीपगृह पाहायला जा. वाटेत गूजबेरीचे धबधबे आहेत. त्याहून पुढे मात्र जाऊ नका. कॅनडाच्या हद्दीपर्यंतचा किनारा सुंदर आहे, पण तो वेगळ्या सहलीचा विषय आहे, आणि हद्द ओलांडायला आपल्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. ग्लेनशीन हा १९०८ मध्ये पुरा झालेला काँग्डन कुटुंबाचा वाडा खाणीच्या पैशांतून आलेली श्रीमंती दाखवतो; पाऊस आला तर जा. ‘विल्यम ए. अर्विन’ हे निवृत्त लेकर जहाज आता संग्रहालय आहे आणि ते आतून पाहिलं की धक्क्यावरून दिसणाऱ्या जहाजांतलं आयुष्य कळतं; हंगामात खुलं असतं, चुकवू नका, मात्र आत जिने अरुंद आहेत. मासे खाणाऱ्यांनी इथला धुरावलेला व्हाइटफिश आणि ट्राउट चाखावा. शाकाहारी मंडळींनी वाइल्ड राइसचे पदार्थ मागावेत, पण सूपमध्ये कोंबडी आहे का ते आधी विचारावं. हा तांदूळ इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक कित्येक पिढ्या होडीतून सरोवरांत फिरत झोडून काढत आले आहेत. आणि जुलै असला तरी स्वेटर, वाऱ्याचं जाकीट घ्या. टेकडीवर उकडत असताना काठावर हुडहुडी भरते. पार्क पॉइंटच्या वाळूवर अवश्य बसा, परंतु लाटा उसळत असतील तर पाण्यात उतरू नका, नातवंडांना उतरू देऊ नका. तिथे आत खेचणारे प्रवाह तयार होतात. वादळी वाऱ्यात धक्क्याच्या टोकाला जाणंही टाळा.

डुलुथच्या वाटेवरचे सू इथले लॉक दर वर्षी १५ जानेवारीला बंद होतात आणि २५ मार्चला उघडतात. त्या दिवसांत लांबची जहाजवाहतूक थांबते. उरलेल्या पावणेदहा महिन्यांत कधीही जा. मुलं प्रेमाने तासातासाचा कार्यक्रम आखून देतील. त्यांना सांगा, की यातला एक अख्खा दिवस आम्हाला कालव्याच्या काठावर मोकळा द्या, आणि तुम्हीही तो आमच्याबरोबर तिथेच घालवा.