शुद्ध-अशुद्ध आणि वर्गातील भाषा

मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. ती फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी. या निबंधाचे ऐतिहासिक मोल वारंवार सांगितले जाते. मात्र शाळेविषयी तो जे सुचवितो, त्याची मीमांसा फारशी होत नाही. मुक्ताला त्या शाळेने अक्षरे दिली, तसाच आपल्या समाजाचे दुःख हा लेखनाचा विषय होऊ शकतो, हा विश्वासही दिला. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, हे ध्यानी घेतले की या विश्वासाचे महत्त्व कळते.

प्रवेशाचा हक्क आज कायद्याने दिला आहे. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणहक्क मान्य केला. परंतु वर्गात आल्यानंतर काय? वस्तीवरचे वा तांड्यावरचे मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते, तेव्हा वहीत ‘अशुद्ध’ हा शेरा पडतो. ज्या समाजात पाणवठ्यांची आणि माणसांचीही वाटणी शुद्धाशुद्धतेच्या कसोटीवर झाली, तेथे हा शेरा केवळ व्याकरणाचा राहत नाही. मुलाच्या घराविषयीचाच तो निवाडा ठरतो, आणि मूल गप्प होते.

येथे असा आक्षेप संभवतो की, प्रमाणभाषा न शिकविणे हाही वंचितांवरील अन्यायच होय. आक्षेप रास्त आहे. प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे. प्रश्न ती शिकविताना घरची बोली हीन ठरविण्याचा आहे. ‘प्रमाणलेखन’ ही संज्ञा उपलब्ध असताना ‘शुद्धलेखन’ हीच रूढ राहावी, याचा विचार व्हायला हवा.

विसंगती अशी की, ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. त्यांच्या भाषेच्या जिवंतपणाची चर्चा पदव्युत्तर वर्गांत आदराने होते. तीच भाषा चौथीच्या वहीत मात्र लाल शाईची धनी होते. पदव्युत्तर वर्गांतूनच उद्याचे अध्यापक घडतात. दलित आत्मकथनांवर उत्तरपत्रिका लिहिणारा विद्यार्थी उद्या शिक्षक म्हणून मुलाच्या वहीवर कोणता शेरा मारील, हा प्रश्न मराठी विभागांनी आपल्या अभ्यासक्रमाबाहेरचा मानू नये.