विज्ञानवार्ता : काजळाचा ठिपका आणि दोन मिनिटांचा प्रकाश



भिंगाने कागद जाळण्याचा खेळ लहानपणी आपणांपैकी बहुतेकांनी खेळला असेल. पांढऱ्या कागदावर ऊन एकवटले तरी तो पेट घ्यावयास वेळ लावतो; पण तेथेच शाईचा काळा ठिपका असला की लगेच धूर निघू लागतो. पांढरा रंग प्रकाश परतवतो, काळा तो शोषून घेतो आणि त्याची उष्णता होते. याच साध्या तत्त्वाने कर्करोगाच्या पेशी नष्ट करता येतील काय, याचा शोध काही वर्षांपासून चालू आहे.

अंधारात पेटती विजेरी तळहाताखाली धरून पाहा. बोटांतून तांबूस उजेड पलीकडे येतो. तांबड्याच्या लगत असलेले, डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण तर मांसातून याहूनही सुलभतेने जातात. मग नको असलेल्या पेशींतच काजळाचा ठिपका ठेवता आला तर?

असा ठिपका कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी पुरविला. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी १९९१ साली अशा नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई व त्यांचे सहकारी यांनी या नळ्यांना फोलिक ॲसिड जोडले. गरोदर स्त्रियांना ज्याच्या गोळ्या देतात, तेच हे जीवनसत्त्व. कर्करोगाच्या अनेक पेशींच्या पृष्ठभागावर ते पकडणारी ग्राहके विपुल असतात. त्यामुळे अशा पेशींनी नळ्या आत ओढून घेतल्या. नंतर सुमारे दोन मिनिटे अवरक्त लेसर किरण सोडताच त्या मेल्या. ज्यांवर ग्राहके थोडी होती, त्या वाचल्या.

या पेशी 'हेला' जातीच्या होत्या. १९५१ साली बाल्टिमोर येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून त्या मूळ घेतल्या गेल्या, आणि त्याही त्यांची संमती न विचारता. विज्ञानाचे हे ऋण विसरता कामा नये.

तथापि काचपात्रातील यश म्हणजे रोग्याची मुक्तता नव्हे. हे किरण शरीरात फार खोल पोचत नाहीत. शिवाय नळ्या शरीरात राहिल्या तर काय होईल, हा प्रश्न आहेच. एडिंबरा येथील संशोधकांनी २००८ साली दाखविले की, लांब नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात. दुसरीकडे, सोन्याचा मुलामा दिलेल्या सूक्ष्म कणांनी हाच उपाय पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या सोळा रुग्णांवर केल्याचे वृत्त २०१९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. म्हणजे वाट खरी आहे. पण कार्बनच्या नळ्यांनी ती अजून संपविलेली नाही.

हे सारे सांगण्याचा हेतू असा की, 'नॅनो' हा शब्द पुढे करून कोणी खात्रीचा उपाय विकावयास आला, तर त्याच्या भरवशावर दिवस दवडू नयेत. स्तनात गाठ लागली, किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर घरच्यांपासून ते लपवू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. कर्करोगात वेळीच झालेले निदान हेच आज आपल्या हाती असलेले मोठे शस्त्र आहे. उद्याचा प्रकाश येईल तेव्हा येवो. आजचा दिवा विझू देऊ नका.