पोराला कोठडी नको, जाब हवा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोघांचा जीव घेतला. १७ वर्षांच्या चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये होता ३०० शब्दांचा निबंध. राज्यभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण त्यातून अनेकांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गुन्हा केलेल्या मुलाला समाजात ठेवून सुधारणं म्हणजे त्याला मोकळं सोडणं, असं आता सर्रास म्हटलं जातं. याचा फटका धनिकांच्या मुलांना बसत नाही. तो बसतो धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात विहिरीवरच्या पंपाची केबल चोरताना सापडणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला.

आधी त्या निबंधाचंच पाहू. तो शिक्षेचा भाग नव्हता, जामिनाची अट होती. चौकशी व्हायच्या आधीच, काही तासांत घातलेली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, म्हणजे आरोपाच्या पिंजऱ्यात मोठी माणसं आली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ मधले समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा हे उपाय चौकशीत गुन्हा केल्याचं दिसल्यावरच येतात. घाईने दिलेल्या जामिनावरून या उपायांना नापास ठरवता येणार नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे: धाक नसला की पोरं सोकावतात. संशोधक अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २९ प्रयोगांतल्या सात हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. मुलाला रीतसर न्यायप्रक्रियेत ओढल्याने पुढचे गुन्हे घटल्याचं दिसलं नाही. कल उलटाच होता. शिवाय अतिगंभीर गुन्ह्यांसाठी कायदा ढिला नाही. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हे कलम १५ नुसार तपासलं जातं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. गावावर सोपवलं तर गावकी बसेल, जातपंचायत बसेल, गरिबाचं तोंड दाबून मांडवली होईल. ही भीती खरी आहे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला तो उगाच नाही. म्हणूनच निर्णय गावाचा नको, बाल न्याय मंडळाचाच हवा. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री. गावाने फक्त अंमलबजावणीला हात द्यायचा.

हा हात कसा द्यायचा? केबल चोरणाऱ्या पोराचे आईबाप कदाचित ऊसतोडीला गेलेले असतील आणि शाळा सुटलेली असेल. साध्या चोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर न नोंदवता सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल करावा, असं बाल न्याय अधिनियमाखालचे २०१६ चे आदर्श नियम सांगतात. हा अहवाल कागद भरण्यापुरता नको. पोराने ज्या शेतकऱ्याचं पाणी तोडलं, त्याच्यासमोर बसून नुकसान ऐकावं, भरपाईची वाट ठरावी. न्यूझीलंडने १९८९ मध्ये माओरी परंपरेतून कुटुंब आणि पीडित यांची अशीच बैठक कायद्यात आणली. चौदा वर्षांवरच्या मुलाला रुग्णालयात किंवा वृद्धांसाठी काम देण्याची सोय आपल्याही नियमांत आहे. चोरून सुटण्यापेक्षा हे पोराला कितीतरी जड जातं.

उदाहरण जिल्ह्यातच आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींतल्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत १९९० च्या दशकात निवासी शाळा उभी राहिली. त्या मुलांनी गुन्हा केला नव्हता, शिक्का मात्र होता. तो पुसायला पोलीस ठाणं नव्हे, शाळा कामी आली.

आता भूमला तीन गोष्टी हव्यात: तालुक्यात नियमित येणारा परिविक्षा अधिकारी, मंडळाने मान्य केलेली समाजसेवेच्या ठिकाणांची यादी आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या ग्राम बाल संरक्षण समित्यांच्या खऱ्याखुऱ्या बैठका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाने पुढचा ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे करावं.