परवाना देणाऱ्याचा परवाना

घर बांधावयाचें किंवा विकत घ्यावयाचें ठरलें म्हणजे आमच्या कुटुंबांतून पहिला प्रश्न निघतो तो नकाशा मंजूर आहे कीं नाहीं हा. मंजुरीचा शिक्का दिसला कीं वडील मंडळींचें मन निर्धास्त होतें. परंतु ज्या कचेरीनें तो शिक्का मारला, ती त्या कामास पात्र आहे काय, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. न्यूझीलंड देशानें हा प्रश्न कायद्यांतच घालून ठेविला आहे. त्याची हकीकत वाचकांनीं समजून घेण्याजोगी आहे.

त्या देशांत १९९१ सालच्या कायद्यानें बांधकामें तपासून प्रमाणित करण्याचें काम खासगी तपासनिसांनाहि मोकळें झालें. त्यानंतरच्या वर्षांत बांधलेल्या हजारों घरांच्या भिंतींत पाणी मुरून आंतील लांकूड कुजलें. मंजुरीचा कागद हातीं असतांहि कित्येक कुटुंबांची जन्माची पुंजी मातीमोल झाली. तेव्हां २००४ सालीं नवा कायदा आला. त्यान्वयें बांधकामास संमति देणाऱ्या संस्थेस, मग ती नगरपालिका कां असेना, आधीं स्वतः परीक्षा द्यावी लागते. तिचीं माणसें जाणतीं आहेत काय, तपासणीची रीत लेखी आहे काय, आणि ती खरोखर पाळली जाते काय, हें त्रयस्थ संस्था पाहते. मगच सरकारदरबारीं नोंदणी होते. ही नोंदणी तहकूब किंवा रद्द करण्याचीहि तजवीज कायद्यांत आहे.

या कडकपणाची गरज किती, हें क्राइस्टचर्च शहरावरून कळतें. तेथें २२ फेब्रुवारी २०११ रोजीं भूकंप होऊन १८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं ११५ एकाच इमारतीखालीं गेलीं. त्यांत इंग्रजी शिकण्यासाठीं परदेशांहून आलेले कितीएक विद्यार्थी होते. त्या इमारतीस १९८६ सालीं परवानगी द्यावयासच नको होती, असा निर्णय चौकशी आयोगानें दिला. एका शिक्क्याची किंमत पंचवीस वर्षांनीं अशी मोजावी लागली.

पुढें शहर नव्यानें उभारण्याची धांदल सुरू झाली. अर्जांचे ढीग सांचले. कायद्यानें नेमलेली वीस कामकाजाच्या दिवसांची मुदत पाळली जाईना, आणि नियमांत न बसणाऱ्या बांधकामांसहि संमति मिळत असावी, अशी शंका परीक्षकांस आली. अखेर १ जुलै २०१३ पासून त्यांनीं नगरपालिकेची मान्यता काढून घेतली. संकट इतक्या थरास आलें असतां आपणांस वेळीं कळविलें नाहीं, अशी तक्रार खुद्द निवडून आलेल्या नगरसेवकांनीं केली.

लोक घरांसाठीं ताटकळत असतां मंजुरीच्या कचेरीवरच असा प्रहार करावा काय? ज्या कुटुंबाचें घर अर्धवट उभें आहे, त्याचा अपराध कोणता? हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. त्याचें उत्तर तेथील सरकारनें कृतीनें दिलें. काम बंद न पाडतां नगरपालिकेवर आपला व्यवस्थापक नेमला, त्याच्या देखरेखीखालीं अर्जांचा निकाल लागत राहिला, आणि २०१४ सालच्या डिसेंबरांत गेलेली मान्यता परत मिळाली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास कोणताहि सुज्ञ शिक्षक शाळेबाहेर हांकून देत नाहीं. त्याच वर्गांत बसवून पुन्हा तयार करितो. परंतु त्याला उत्तीर्ण म्हणून वरच्या वर्गांतहि ढकलीत नाहीं. नोंदणी तहकूब करण्याचा खरा हेतु हाच असला पाहिजे. शिक्षा कचेरीस व्हावी, अर्जदारास नव्हे. म्हणून तहकुबीच्या हुकुमाबरोबरच हातीं असलेल्या अर्जांची सोय लावून देणें सरकारचें कर्तव्य होय.

परीक्षकाचा परीक्षक कोण, आणि त्याचाहि कोण, अशी विचारणा करून हा सर्व खटाटोप व्यर्थ ठरविणारे शास्त्री निघतील. न्यायशास्त्रांत यास अनवस्था म्हणतात. आमच्या मतें ती येथें फार लांबत नाहीं. परीक्षेचा निकाल उघड झाला, कारणें लेखी मिळालीं, म्हणजे शेवटचा परीक्षक नागरिकच होतो. क्राइस्टचर्चमध्यें निकाल उघड होतांच लोक जाब विचारूं लागले, तो याच कारणानें.

संस्कृतांत 'प्रमाण' शब्दाचे माप आणि पुरावा असे दोन्ही अर्थ आहेत, व त्याच्या मुळाशीं मोजण्याचा धातु आहे. प्रमाणपत्र देणाऱ्यानें स्वतः मोजून घेण्यास तयार असावें, ही अपेक्षा त्या शब्दांतच आहे. तेव्हां घराचा कागद पाहतांना आमच्या वाचकांनीं शिक्क्यावर थांबूं नये. तपासणी कोणी केली, केव्हां केली, आणि जागेवर येऊन केली काय, एवढें तरी विचारावें. ज्या छपराखालीं मुलेंबाळें निजावयाचीं, त्याविषयीं असें विचारणें उद्धटपणाचें नाहीं.