‘ताई-दादां’चे मानधन

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांच्या पानांत, गृहसंस्थांच्या फलकांवर आणि आता घराघरांतील भ्रमणध्वनींवरही उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींचा सुकाळ होतो. घोडेस्वारी, दोरावरून दरी ओलांडणे, मातीकाम, ओरिगामी, आकाशदर्शन, वैदिक गणित, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी उपक्रमांची लांबलचक यादी तीत असते. जागा कोठे आहे, जेवण शाकाहारी आहे की नाही, शुल्क किती आणि कोणत्या तारखेपर्यंत भरल्यास किती सवलत, हेही असते. ज्यांच्या हाती आपले नऊ-दहा वर्षांचे मूल आपण सहा दिवस आणि सहा रात्री सोपवणार, ती माणसे कोण, त्यांना काय मिळते आणि ती किती तास झोपतात, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो. पालकही तो विचारीत नाहीत. ‘आमचे प्रशिक्षित ताई-दादा’ या तीन-चार शब्दांवर उभयपक्षी समाधान होते.

हे ताई-दादा बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. कोणी द्वितीय वर्ष वाणिज्यचा, कोणी शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला, कोणी अध्यापन पदविकेची विद्यार्थिनी. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातूनही दरवर्षी काही मुले-मुली या कामाला जातात आणि जूनमध्ये परत येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यातून शिबिराच्या दिनक्रमाचे जे चित्र उभे राहते, ते जाहिरातीतील चित्राहून पुष्कळच निराळे असते. पहाटे पाचला उठून पाण्याची व्यवस्था पाहायची, सहाला मुलांना उठवायचे, व्यायाम, न्याहारी, मग दुपारपर्यंत उपक्रम. दुपारी मुले पडतात, तेव्हा सायंकाळच्या खेळांची आखणी आणि रात्रीच्या नाट्यछटांची तालीम. उन्हे उतरली की लंगडी, खो-खो, लेझीम, जेवणानंतर शेकोटी, मग गच्चीवर वा माळावर नेऊन सप्तर्षी आणि स्वाती दाखवायची. दहाला दिवे मालवले म्हणजे मुलांचा दिवस संपतो, ताई-दादांचा संपत नाही. अकरापर्यंत आढावा बैठक असते. त्यानंतर कोणी घरच्या आठवणीने रडत असते, कोणाचे पोट दुखते, कोणी अंथरूण ओले केलेले असते आणि इतर मुलांना कळण्याच्या आत ते बदलायचे असते. या शेवटच्या कामाला लागणारे कौशल्य कोणत्याही माहितीपत्रकात छापले जात नाही. पण एखादे मूल पुढल्या वर्षी पुन्हा शिबिराला येते की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

एके काळी हे सारे मामाच्या घरी होत असे. परीक्षा आटोपल्या की दहा-बारा भाचरे आजोळी जमत, आणि त्यांचे खाणेपिणे, भांडणे, तापसराई मामी निस्तरीत असे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या ग्रंथात एक विसंगती नोंदवली आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी नोकरीस असलेल्या बाईशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. कारण पूर्वी मोजला जाणारा पगार आता मोजला जात नाही. उन्हाळी शिबिरात नेमका उलटा प्रवास घडला आहे. मामी करीत होती ती सेवा बाजारात आली, तिला किंमत आली, पालक ती किंमत भरू लागले. पण सेवा करणाऱ्याच्या हातात ती पुरतेपणी पोचली नाही. नात्याचे नाव तेवढे बरोबर आले. मुलाने ‘दादा’ म्हणावे हे योग्यच आहे, ‘सर’पेक्षा ते शतपटीने चांगले. मात्र संयोजकही जेव्हा ‘अरे, तू तर आपल्या घरातलाच’ असे म्हणू लागतो, तेव्हा त्या घरातल्या माणसाला मजुरीचा विषय काढण्याची लाज वाटते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराष्ट्राला शिबिराची एक थोर परंपरा आहे आणि ती पैशावर उभी नव्हती. १९४१ साली महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतून आणि कलापथकांतून घडलेल्या पिढीने आपल्या सार्वजनिक जीवनाला व रंगभूमीला काय दिले, हे वाचकांना सांगावयास नको. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात पहाटे कुदळ-फावडे घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या तरुणांनी कधी मजुरी मागितली नाही, आणि त्यांच्या श्रमातून कोणी खासगी नफाही मिळवला नाही. या दोन गोष्टी एकत्र वाचावयाच्या आहेत. जेथे कोणीच काही खिशात घालीत नाही, तेथे विनामोबदला राबणे हा त्याग आहे आणि त्याची किंमत करू जाणे हा कद्रूपणा ठरेल. जेथे शेतघराचा मालक भाडे घेतो, बसवाला भाडे घेतो, जाहिरातदार पैसे घेतो आणि संयोजकाला वर चार पैसे उरतात, तेथे एकट्या दादाने त्यागी का असावे?

ॲडम स्मिथने वेतनातील तफावतीची कारणे सांगताना प्रतिष्ठा हा मोबदल्याचाच एक भाग असतो असे म्हटले आहे. सन्मानाच्या पेशात पैसे कमी मिळाले तरी माणसे येतात, आणि घृणास्पद समजल्या जाणाऱ्या कामाला अधिक द्यावे लागतात. शिबिराच्या स्वयंपाकघरात डोकावले तर याचा प्रत्यय येतो. आचारी आणि त्याच्या हाताखालच्या मावशी शिबिरापूर्वीच माणशी, वेळेमागे दर ठरवून घेतात, विसार घेतात, आणि चहाची एक फेरी वाढली तर तीही हिशेबात धरायला लावतात. त्यांना कोणी स्वार्थी म्हणत नाही. पदवीच्या वर्गात शिकणारा दादा मात्र शिबिर संपल्यावर पाकीट उघडतो तेव्हा त्याला आपला दर कळतो. त्यासोबत एक प्रमाणपत्र असते. काही ठिकाणी केवळ प्रमाणपत्रच असते.

‘मानधन’ हा शब्दच मुळी मोठा सोयीचा आहे. वेतन म्हटले की तास आले, सुटी आली, कायदा आला. मानधन म्हटले की मान द्यावयाचा आणि धन जमेल तसे. आपल्या शासनानेही या शब्दाचा सढळ वापर केला आहे. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली, तेव्हापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षक नसतो, ‘सेवक’ असतो; त्याचे मानधन २०२३च्या जानेवारीपासून प्राथमिक स्तरावर १६,००० रुपये झाले, तत्पूर्वी ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. अंगणवाडी सेविकांचेही तेच. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या स्त्रियांना दशकानुदशके ‘मानसेवी’ म्हणून वागवले गेले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला आणि मानधन या नावाखाली त्यांना जे दिले जाते ते त्या कायद्यापुरते वेतनच आहे असे मानले. नाव बदलून कामाचे स्वरूप बदलत नाही हे न्यायालयाला पटले, ते शिबिरांच्या संयोजकांना पटावयास हरकत नसावी.

‘पण मग शुल्क वाढेल आणि मध्यमवर्गीय पालकांना ते परवडणार नाही,’ हा युक्तिवाद ठरलेला आहे. तो कागद-पेन्सिल घेऊन तपासावा. केवळ उदाहरणादाखल असे धरू की चाळीस मुलांचे सहा दिवसांचे निवासी शिबिर आहे आणि शुल्क माणशी ८,००० रुपये आहे. एकूण जमा ३,२०,००० रुपये. चार ताई-दादांना दिवसाला ५०० रुपये प्रमाणे मिळाले तर एकूण खर्च १२,००० रुपये, म्हणजे जमेच्या चार टक्क्यांहूनही कमी. सोळा तासांचा दिवस धरला तर ताशी ३१ रुपये पडतात. आता हे मानधन दुप्पट करा. प्रत्येक मुलामागे ३०० रुपये वाढतील. मानधनही दुप्पट आणि ताई-दादांची संख्याही दुप्पट केली, म्हणजे रात्री आळीपाळीने जागणे शक्य झाले, तरी वाढ ९०० रुपयांची. आठ हजार भरणारा पालक नऊशे रुपयांसाठी शिबिर रद्द करील, हे संभवनीय वाटत नाही. आकडे वाचकांनी आपल्या माहितीप्रमाणे बदलून पाहावेत. निष्कर्ष फारसा बदलणार नाही, कारण या सेवेत सर्वाधिक महत्त्वाचा असलेला घटकच खर्चात सर्वांत लहान आहे.

अर्थात अडचण आहे, आणि ती दीर्घ मुदतीची आहे. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाट्य-संगीताच्या अर्थकारणावर लिहिताना दाखवून दिले की काही सेवांत श्रमाची उत्पादकता वाढवताच येत नाही. चौघांनी वाजवावयाची रचना यंत्रयुग आले म्हणून दोघांत वाजवता येत नाही. दहा मुलांमागे एक ताई लागत असेल तर पन्नास वर्षांनीही दहांमागे एकच लागेल. बाकीच्या व्यवसायांतले पगार मात्र वाढत राहतील. अशा सेवेपुढे तीन मार्ग असतात: किंमत वाढवणे, कोणी तरी अनुदान देणे, किंवा माणसे कमी करून उरलेल्यांना अधिक राबवणे. तिसरा मार्ग सर्वांत सोपा असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. साहसी उपक्रमांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली धोरण जाहीर केले. शिरस्त्राणे, दोर, प्रशिक्षण यांची चर्चा आता होऊ लागली, हे चांगलेच झाले. पण दोराचे दुसरे टोक धरून उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सलग पाच रात्री चार-चार तास झोपलेला असेल, तर दोराच्या प्रमाणपत्राचा उपयोग किती?

या संदर्भात फ्रान्सचा अनुभव पाहण्याजोगा आहे. युरोपात सुटीतील बालवसाहतींचा उगम गरिबांच्या मुलांसाठी झाला. झुरिचच्या बियोन नामक धर्मोपदेशकाने १८७६ साली शहरातील दरिद्री वस्तीतली मुले डोंगराळ भागात हवापालटासाठी नेली, आणि ती कल्पना फ्रान्सने उचलून प्रचंड प्रमाणावर राबवली. तेथे मुलांना सांभाळणाऱ्या तरुणांसाठी १९७३ पासून राज्यमान्य प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आहे. २००६ साली त्यांच्यासाठी एक खास करारपद्धती निघाली. तीनुसार दिवसभराच्या कामाला किमान मोबदला ठरला तो सर्वसाधारण किमान वेतनाच्या अवघ्या सव्वादोन तासांहूनही किंचित कमी! एका कामगार संघटनेने न्यायालयाची पायरी चढली. प्रकरण लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये निर्णय झाला की या तरुणांनाही दैनंदिन विश्रांतीच्या नियमाचे संरक्षण आहे, म्हणजे सलग ११ तासांची विसावा किंवा ती देता आली नाही तर भरपाईदाखल तेवढी सुटी. मे २०२५ पासून किमान मोबदलाही ४.३ तासांच्या वेतनाइतका झाला. तोही पुरेसा नाहीच. पण स्वयंसेवेची भावना आणि लेखी करार यांचे सहअस्तित्व शक्य आहे, एवढे त्यावरून दिसते. अमेरिकेने उलट वाट धरली. वर्षातून सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या शिबिरांना तेथील संघराज्याच्या किमान वेतन कायद्यातून सूट आहे. आपण कोणाचा कित्ता गिरवावा याचा विचार न करताच दुसऱ्या वाटेवर आहोत.

काही जण म्हणतील, हा अनुभवच त्या तरुणांची कमाई आहे. त्यात तथ्य आहे. चाळीस मुलांपुढे उभे राहून गोष्ट सांगता येणे, भांडणारी दोन मुले न रागावता वेगळी करता येणे, हे आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवता येत नाही. परंतु ज्याच्या घरी मे महिन्याच्या कमाईची वाट पाहिली जात नाही, त्यालाच हा अनुभव फुकट घेणे परवडते. ज्याला सुटीत वडिलांबरोबर भाजीच्या गाडीवर किंवा एखाद्या दुकानात उभे राहावे लागते, तो दादा होऊ शकत नाही. त्यामुळे शिबिरांत मुलेही एका थरातली आणि त्यांना सांभाळणारेही त्याच थरातले, असा प्रकार होतो.

आणि ज्यांना शिबिराचे शुल्कच परवडत नाही त्या मुलांचे काय? मे महिन्यात महापालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या शाळांना कुलुपे असतात, मैदाने ओस असतात. ऊसतोडणी कामगारांची मुले हंगाम आटोपून नुकतीच गावी परतलेली असतात. त्यांच्या बुडालेल्या अभ्यासाला आणि हरवलेल्या खेळाला तोच काय तो अवसर. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने रुजवलेली ‘कमवा व शिका’ ही कल्पना आज राज्यातील विद्यापीठांत योजनेच्या रूपाने चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत ताशी दराने काम करतात. तीच योजना सुटीत बंद शाळांच्या अंगणात का जाऊ नये? सकाळी तीन तास, ऊन तापण्याच्या आत. गावचीच मुले, तालुक्याच्याच महाविद्यालयातले ताई-दादा, ताशी ठरलेला दर आणि हजेरीपटावर सही. घोडेस्वारी नसली तरी चालेल.

यातील सर्वांत मोठी अडचण पैशाची नसून वेळापत्रकाची आहे. विद्यापीठांच्या परीक्षा मे महिन्यात लांबत जातात आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या काहीशा उशिरा भरतात. मधले तीन आठवडे जरी हाती हवे असतील, तर महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांची नावे मार्चमध्येच मागवावी लागतील.